गृहपाठ नेमका कुठल्या स्टेशनात अडकतो?

गेल्या जुलैतली गोष्ट. नातू शाळेतून आला तो रडवेला होऊनच. सोशल सायन्सच्या सरांनी डायरीत लाल शाईने शेरा मारला होता, तिसऱ्यांदा नकाशा दिला नाही म्हणून. तो नकाशा आदल्या संध्याकाळी मी स्वतः शेजारी बसून पुरा करवून घेतला होता. नर्मदा, चंबळ, क्षिप्रा, सगळ्या नद्या निळ्या करून. बस्ता उपडा केला तर नकाशा विज्ञानाच्या कॉपीत घडी घातलेला निघाला. म्हणजे काम झालं होतं, शाळेत पोचलं होतं, सहा तास बस्त्यात बसून परत घरीही आलं होतं. सरांच्या टेबलापर्यंतची शेवटची दहा पावलं तेवढी राहिली होती.

आमच्या इंदूरच्या मराठीत वहीला कॉपी आणि दप्तराला बस्ता म्हणतात. मी तेच शब्द वापरणार आहे.

सूनबाई म्हणाली, "बाबा, याच्या डोक्यात काही राहतच नाही." मुलगा म्हणाला, "लक्ष नसतं, दुसरं काही नाही." नातू खाली मान घालून बुटाची लेस सोडत होता. सहावीतलं पोर, अकरा वर्षांचं. त्याला विचारलं तर म्हणाला, "आबा, मला खरंच आठवलं नाही." माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मी रेल्वेत ३६ वर्षं काढली, रतलाम मंडळात, स्टेशन मास्तर म्हणून. सुरुवातीची वर्षं महू-खंडवा मीटरगेजच्या एकेरी मार्गावर. आताही लोकमान्य नगरात राहतो, महूकडे जाणारी गाडी घरात ऐकू येते. त्या नोकरीत पहिल्याच महिन्यात एक गोष्ट हाडात मुरवली जाते, ती म्हणजे गाडी आठवणीवर चालवायची नाही. मास्तर कितीही हुशार असो, "मला आठवतंय, लाइन मोकळी आहे" या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही. रजिस्टरात लिहिलेलं हवं, टोकन, म्हणजे गाडी पुढे न्यायच्या परवान्याची खूण, हातात हवं. माणूस विसरणारच हे धरूनच सगळी व्यवस्था उभी केलेली असते. मग सहावीतल्या मुलाने सात शिक्षकांनी सांगितलेलं सगळं डोक्यात साठवून घरी आणावं, ही अपेक्षा आपण कुठल्या हिशेबाने करतो? मोठ्या माणसाच्या डोक्यातही एका वेळी चारेक सुट्या गोष्टी टिकतात. मुलांच्या त्याहून कमी.

म्हणून त्या दिवशी ठरवलं की याची स्मरणशक्ती वाढवण्याच्या मागे लागायचं नाही. बदाम नाहीत, ब्राह्मीच्या गोळ्या नाहीत. कागद कुठे हरवतो तेवढं शोधायचं.

आधी पंधरा दिवस फक्त नोंद

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि बहुतेक घरांत नेमकं हेच कोणी करत नाही. "विसरतो" हा एक शब्द आहे, पण गृहपाठाचा प्रवास सहा स्टेशनांचा असतो. सांगितलेलं डायरीत उतरणं, हे पहिलं. त्यासाठी लागणारं पुस्तक आणि कॉपी बस्त्यात येणं, हे दुसरं. घरी डायरी उघडली जाणं तिसरं. काम पुरं होणं चौथं. झालेलं काम पुन्हा बस्त्यात जाणं पाचवं. आणि बस्त्यातून निघून शिक्षकांच्या हाती पडणं सहावं. एका स्टेशनाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. ज्याचं पुस्तक शाळेत राहतं त्याला संध्याकाळी दोन तास टेबलाशी बसवून काय उपयोग?

मी एक जुनी डायरी घेतली आणि पंधरा दिवस, काहीही न बदलता, काहीही न बोलता, जे जे राहिलं त्याच्यापुढे स्टेशनाचा नंबर लिहीत गेलो. पंधरा दिवसांत १४ वेळा काहीतरी राहिलं. त्यातलं पहिल्या स्टेशनावर ७ वेळा, दुसऱ्यावर ३ वेळा, सहाव्यावर ४ वेळा. तिसऱ्यावर आणि पाचव्यावर एकही नाही, कारण तिथे आम्ही मोठी माणसं मागे उभी होतो. आणि चौथ्यावरही एकही नाही. म्हणजे जे काम घरापर्यंत पोचलं ते त्याने दर वेळी केलं होतं. हा कागद मी मुलापुढे आणि सूनबाईपुढे ठेवला. "अभ्यास करायला नको असतो" ही ओरड त्या दिवसापासून आमच्या घरात बंद झाली. माझ्या मते या पंधरा दिवसांची सगळ्यात मोठी कमाई तीच.

तुमच्या घरचा हिशेब वेगळा येईल. शेजारच्या मुलीचा आला तो जवळजवळ सगळा चौथ्या स्टेशनाचा. तिला गणित येत नव्हतं आणि "विसरले" म्हणणं सोपं पडत होतं. तिथे डायरी-फायली करण्यात अर्थ नाही, तिथे अपूर्णांक शिकवायला बसावं लागतं.

पहिलं स्टेशन: वर्गातून डायरीत

सातपैकी पाच चुका शेवटच्या दोन तासांच्या होत्या. कारण विचारलं तेव्हा कळलं. घंटा होते, सगळे उभे राहतात, व्हॅनवाले भैया गेटवर हॉर्न देतात, आणि त्या गोंधळात मॅम तोंडी सांगतात, "अमुक पानावरचे प्रश्न करून आणा." पाचवीपर्यंत बहुतेक विषय एकाच वर्गशिक्षिकेकडे होते. त्या दिवसभराचं काम फळ्याच्या कोपऱ्यात एकत्र लिहून ठेवायच्या. सहावीत विषयागणिक शिक्षक झाले आणि तो कोपरा गेला. ज्यांची मुलं पाचवीपर्यंत ठीक होती आणि सहावीत एकदम विसरायला लागली, त्यांनी या बदलाकडे जरूर पाहावं.

उरलेल्या दोन चुका गणिताच्या होत्या आणि जरा विचित्र होत्या. डायरीत लिहिलेलं होतं, पण पान चुकीचं. ३८ चं ३३. ३ आणि ८ मध्ये गफलत. मला शंका आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचा नंबर निघाला. तो चौथ्या बाकावर बसून फळा अर्धा वाचत होता, अर्धा अंदाजाने उतरवत होता. मुलं हे स्वतःहून सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटत असतं. म्हणून फळ्यावरचं उतरवताना मूल चुकत असेल तर बाकी काही करायच्या आधी डोळे तपासून घ्या. सर्दी-खोकला वारंवार होत असेल तर कानही.

आता डायरी. शाळेच्या छापील डायरीत रोजच्या वाट्याला चार ओळी येतात, त्यात मुलाचं अक्षर मावत नाही. आम्ही खजुरी बाजारातून एक पातळ, लांब कॉपी आणली आणि रविवारी पट्टी घेऊन पुढच्या आठवड्याची पानं आखली. एका दिवसाला एक पान. पानावर आठ तासांच्या आठ ओळी, प्रत्येकीत विषयाचं नाव आधीच लिहिलेलं. पुढे दोन मोठे खाने, काय करायचं आणि केव्हा द्यायचं. शेवटी तीन छोटे चौकोन, लिहिलं, केलं, दिलं यांचे.

नियम एकच आणि तो कडक. ओळ कोरी ठेवायची नाही. गृहपाठ दिला नसेल तर तिथे "निल" लिहायचं. रेल्वेच्या रजिस्टरात कोरा खाना सगळ्यात धोक्याचा, कारण काही घडलं नाही की लिहायचं राहिलं, हे कोऱ्या खान्यावरून सांगता येत नाही. मुलांच्या डायरीचं अगदी तसंच असतं. संध्याकाळी कोरी ओळ पाहून मूल मनापासून म्हणतं, "काही दिलं नव्हतं." ते खोटं बोलत नसतं, त्या कागदावर दुसरी काही खूणच नसते. "निल" लिहायचं म्हटलं की दर तासाच्या शेवटी डायरी उघडावीच लागते, आणि उघडली की आठवतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या चाळीस ओळींपैकी अकरा कोऱ्या आल्या. चौथ्या आठवड्यात दोन.

दुसरी गोष्ट भिडूची. दोन स्टेशन मास्तर फोनवर लाइन क्लिअर, म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची हमी, देतात तेव्हा नुसतं तोंडी "हो" चालत नाही. आपल्याकडच्या तक्त्यातला दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगायचा, समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा, दोघांनी आपापल्या रजिस्टरात टिपायचा. मी नातवाला आणि त्याच्या बाकावरच्या मित्राला हे समजावलं. शेवटच्या तासाला दोघं डायऱ्यांची अदलाबदल करतात, एकमेकांच्या ओळी पाहतात, काही राहिलं असेल तर सांगतात आणि खाली मनातला दोन आकडी नंबर लिहून सही करतात. अकरा वर्षांच्या मुलांना गुप्त नंबरात किती गोडी असते ते मी सांगायला नको. मित्राच्या आईचा पुढच्या महिन्यात फोन आला, त्यांच्याकडेही फरक पडला होता. भिडू निवडताना हुशार मूल शोधत बसू नका, शेजारी बसणारं आणि रोज येणारं मूल हवं.

शिक्षकांना भेटायला जाल तर मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका. वर्गात चाळीसच्या वर मुलं असतात, एकट्याच्या डायरीवर रोज सही करा म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. मी दोनच गोष्टी मागितल्या. चष्मा येईपर्यंत पुढच्या बाकावर बसवा, आणि शेवटच्या तासाचं काम घंटेच्या पाच मिनिटं आधी फळ्यावर लिहा. पहिली लगेच मान्य झाली. दुसरी एका मॅमनी मान्य केली. दुसऱ्या शिक्षकांचं म्हणणं पडलं की सहावीतल्या मुलाने इतकी जबाबदारी घ्यायलाच हवी. मला ते पटलं नाही, पण वाद घातला नाही. त्या तासापुरता भिडूवर भर दिला.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल माझं मत ठाम आहे. ग्रुपवर गृहपाठ येतो म्हणून आई फोनमध्ये पाहून मुलाला सांगते. मूल आठवड्याभरात शिकतं की लिहायची गरजच नाही, आईच्या फोनमध्ये आहे. आमच्याकडे आधी डायरी वाचली जाते, मग सूनबाई ग्रुप उघडून ताडून पाहते. जे डायरीत नाही आणि ग्रुपवर आहे, ते नातू स्वतःच्या हाताने डायरीत लिहितो, मगच कामाला लागतो.

"आज होमवर्क काय?" असं विचारू नका

या प्रश्नाला बहुतेक मुलं "काही नाही" म्हणतात. प्रश्न इतका मोठा असतो की मनाला धरायला कुठे टोकच सापडत नाही. त्याऐवजी मी तासांच्या क्रमाने विचारतो. "पहिला तास कशाचा झाला? कोण आलं होतं? काय शिकवलं? जाताना काय म्हणाले?" असं एकेक तासात मूल परत जाऊन बसलं की सांगितलेलं वर येतं. एकदा संस्कृतची ओळ कोरी होती. मी विचारलं, "संस्कृतच्या मॅमनी आज काय शिकवलं?" तो म्हणाला, "फळांची नावं." आणि लगेच, "अरे हो, दहा फळांची चित्रं चिकटवायची आहेत!" चार मिनिटांचं काम आहे हे. नातू घरी येऊन जेवला-खेळला की मगच करायचं, बूट काढत असताना नाही.

वेळेचं म्हणाल तर घड्याळातली वेळ मुलांना धरता येत नाही, घडणारी गोष्ट धरता येते. "साडेसहाला डायरी उघड" हे आमच्याकडे तीन दिवसही चाललं नाही. सूनबाई ऑफिसातून येऊन देवापुढे दिवा लावते. दिवा लागला की डायरी उघडायची, असं ठरवलं. आता दिव्याचं तेल घालायची पळी वाजली की तो उठतो. तुमच्या घरात रोज न चुकता घडणारी जी गोष्ट असेल तिला बांधा, मग ती चहा असो की दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवणं असो.

बस्ता

दुसऱ्या स्टेशनाचा, म्हणजे पुस्तक शाळेत राहण्याचा, काही पालक सोपा इलाज करतात. सगळंच रोज न्यायचं, सगळंच रोज आणायचं. कृपा करून असं करू नका. आम्ही वजनकाट्यावर पाहिलं तर नातू ३२ किलोचा आणि बस्ता साडेपाच किलोचा भरला. २०२० च्या राष्ट्रीय स्कूल बॅग धोरणात बस्ता मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको असं म्हटलं आहे. म्हणजे त्याच्यासाठी ३.२ किलोच्या आत.

आमचा इलाज टोकनाचा. मीटरगेजवर बॉल टोकन असायचं, धातूचा गोळा, चामड्याच्या पिशवीत, मोठ्या कड्याला बांधलेला. तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या सेक्शनात, म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळावर, गाडी घालू शकत नसे. डायरी हे नातवाचं टोकन. शाळा सुटताना डायरी डाव्या हातात उघडी, उजव्या हाताने एकेका ओळीप्रमाणे पुस्तक-कॉपी बस्त्यात. डायरी सगळ्यात शेवटी आत जाते. डायरी आधी आत गेली तर बस्ता डोळे मिटून भरल्यासारखा भरला जातो. हे मी त्याच्याकडून घरी वीसेक वेळा करवून घेतलं, अगदी घंटा वाजवून. तोंडी सांगून हाताला सवय लागत नाही.

प्रत्येक विषयाच्या पुस्तकाच्या आणि कॉपीच्या कण्यावर एका रंगाची टेप लावली. गणित लाल, हिंदी हिरवी, असं. सगळ्यांना तपकिरी कव्हरं सक्तीची असल्यामुळे बाकाखालच्या ढिगात काही ओळखू येत नसे. टेपने ते भागलं.

नेहमीच्या बाहेरच्या वस्तूंसाठी, म्हणजे सही करून न्यायचा फॉर्म, फी, चित्रकलेचं सामान यांसाठी, लाल रबर. हीसुद्धा रेल्वेची युक्ती. लाइन अडलेली असली की तिच्या सिग्नलच्या लिव्हरवर, म्हणजे दांड्यावर, एक कडं अडकवतात, त्याला लिव्हर कॉलर म्हणतात. घाईत सवयीने हात लिव्हरकडे गेलाच तर आधी कड्याला लागतो आणि मास्तर थांबतो. आठवण हाताच्या वाटेत ठेवायची, भिंतीवर नाही. भिंतीवरची चिठ्ठी चार दिवसांत भिंतच होऊन जाते. नातवाच्या मनगटात नेहमी एक लाल रबर असतं. काही वेगळं आणायचं ठरलं की ते तिथेच, त्याच क्षणी, काढून बस्त्याच्या चेनच्या कडीत अडकवायचं. घरी चेन उघडताना ते बोटाला लागतं. घरून न्यायचं असेल तर वस्तू बुटात, किंवा बुटात मावत नसेल तर बुटावर.

बस्ता रात्रीच भरायचा. सकाळी आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी आणि शाळेची व्हॅन पाच मिनिटांच्या अंतराने येतात. त्या धांदलीत काही शोधायची वेळ आलीच नाही पाहिजे.

सहावं स्टेशन: शेवटची दहा पावलं

नकाशाची गोष्ट इथली. सुटे कागद कॉपीत खुपसले की ते गेलेच. आम्ही दोन कप्प्यांची एक साधी फाइल घेतली. डाव्या कप्प्यात करायचं काम, उजव्यात झालेलं आणि द्यायचं. नाव नातवानेच ठेवलं, "ओला-सुका." इंदूरच्या मुलाला ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायला वेगळं शिकवावं लागत नाही, शाळेत जायच्या आधीच तो हे शिकलेला असतो. शाई वाळली की कागद सुक्यात, असं त्याचं म्हणणं. फाइल बस्त्यात सगळ्यात पुढे राहते आणि पहिल्या तासाच्या आधी ती बाकावर काढून ठेवायची.

आणि तिसरा चौकोन, "दिलं" चा. काम पुरं झालं की मुलांच्या मनातून ते उतरतं, त्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. म्हणून आमच्याकडे "केलं" वर बरोबरची खूण झाली तरी शाबासकी मिळत नाही. ती "दिलं" च्या खुणेला मिळते. सुरुवातीला मी रोज दुपारी आधी तोच खाना पाहायचो.

मोठी कामं

प्रोजेक्टचं दुखणं वेगळं आहे. ते विसरलं जात नाही, लांबवलं जातं, आणि मग रविवारी रात्री साडेनऊला चार्टपेपर शोधत घरातला कोणीतरी स्कूटर काढतो. यावर मागून पुढे मोजायचं. द्यायची तारीख डायरीत त्या दिवसाच्या पानावर लिहायची, मग उलट येत येत प्रत्येक टप्प्याची ओळ त्या त्या दिवशी घालायची. आदल्या दिवशी फक्त नाव घालणं, त्याआधी दोन दिवस चिकटवणं, त्याआधी लिहिणं, आणि सगळ्यात आधी सामानाची यादी. सामानाची यादी काम मिळालं त्याच दिवशी, हे मात्र सोडू नका.

विसरलेली कॉपी शाळेत नेऊन द्यावी का?

यावर घराघरांत भांडणं होतात. माझा निर्णय असा. व्यवस्था बसत असेपर्यंत, म्हणजे पहिला दीड-दोन महिना, जमेल तेव्हा नेऊन द्या. तोवर चूक व्यवस्थेचीही असते, आपण अजून रूळ टाकत असतो, त्याची शिक्षा मुलाने का भोगायची? मी तीनदा नेऊन दिली. नंतर बंद, पण हे त्याला आधी सांगून. "पुढच्या सोमवारपासून आबा येणार नाहीत" असं शांतपणे, शनिवारी, पोहे खाताना सांगितलं. भर सकाळी रागाच्या भरात "आता भोग" म्हणण्यात शिकवण नसते, सूड असतो.

राहिलं तर मी एवढंच विचारतो, "कुठल्या स्टेशनात?" तो विचार करून नंबर सांगतो. "किती वेळा सांगायचं तुला?" याला मुलाकडे उत्तर नसतं, "दुसऱ्या" हे उत्तर असतं आणि त्यावर पुढे काहीतरी करता येतं. पैशांचं बक्षीस ठेवू नये असं मला वाटतं. रोजचे दहा रुपये ठेवले की दहा रुपये नको असलेल्या दिवशी डायरीही नको होते.

वेळही मोजा. त्याच स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला २ तासांपर्यंत आणि सहावी ते आठवी रोज तासाभरापर्यंत, असं सांगितलं आहे. तुमच्या मुलाला रोज दोन-अडीच तास लागत असतील तर प्रश्न विसरण्याचा नाही, कामाच्या बोज्याचा किंवा विषय न समजण्याचा आहे. शाळेशी त्यावर बोला. आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सकाळी सातची व्हॅन आणि रात्री अकराला झोप, यात कुठलीच डायरी कामाला येणार नाही.

डॉक्टरांकडे कधी

हे सगळं दोन-तीन महिने नीट करूनही काही हलत नसेल, आणि विसरणं फक्त गृहपाठाचं नसून खेळात, जेवताना, मित्रांत, सगळीकडे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान करताना डॉक्टर पाहतात की लक्षणं सहा महिन्यांहून जास्त आहेत का, बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. म्हणून तुमची पंधरा दिवसांची नोंद सोबत न्या, त्यांना तिचा उपयोग होतो. मूल मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतं, हाक ऐकू जात नाही आणि मग जिथे थांबलं तिथून पुढे बोलू लागतं, असं होत असेल तर मात्र दोन-तीन महिने थांबू नका. तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. अक्षरं-आकडे उलटसुलट होणं, वाचायला फार वेळ लागणं हेही सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींचा समावेश आहे, अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. दाखवायला जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चार्ज देणं

ड्युटी बदलताना जाणारा मास्तर आणि येणारा मास्तर दोघंही सही करतात. तोवर स्टेशन जाणाऱ्याचंच असतं. मुलाकडे चार्ज देतानाही असंच टप्प्याने, सांगून द्यायचं. पहिला महिनाभर मी सगळ्या ओळी पाहिल्या. नंतर फक्त "दिलं" चा चौकोन. दसऱ्यापासून शनिवारी एकदाच, आठवड्याची सगळी पानं एकत्र, आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या. एक स्टेशन पंधरा दिवस स्वच्छ गेलं की तिथून मी बाजूला होतो. सगळीकडून एकदम नाही.

मोठी सुट्टी आली की हे सगळं मोडतं, तेव्हा घाबरू नका. दिवाळीनंतर आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात नऊ ओळी कोऱ्या आल्या, लाल रबर कुठे गेलं ते कळेना, फाइलच्या सुक्या कप्प्यात फटाक्यांची यादी होती. मी पुन्हा जुनी डायरी काढली, दहा दिवस नंबर लिहिले, आणि फक्त पहिल्या स्टेशनावर परत उभा राहिलो. बाकीची आपोआप जागेवर आली.

सध्या सहावं स्टेशन पक्कं आहे. पहिल्यावर आठवड्यातून एखादी ओळ अजून राहते. परवा रविवारी तो स्वतःच पट्टी घेऊन पुढच्या आठवड्याची पानं आखत बसला होता. पाहिलं तर आठव्या तासाची ओळ त्याने बाकीच्यांच्या दुप्पट उंच ठेवली होती. मी का म्हणून विचारलं. म्हणाला, "आबा, तेव्हा व्हॅनची घाई असते ना, अक्षर मोठं येतं."